म्हजें नांव घालू नाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

6 जानेवारीला पत्रकार दिनाचा कार्यक्रम आमच्याकडे पण झाला, शाल, श्रीफळ, 'दर्पण' 1832, बाळशास्त्री जांभेकर, सगळं नेहमीचंच, आणि माईकवर येणारा प्रत्येकजण सांगत होता की पत्रकार निर्भीड असायला पाहिजे. मी मागच्या खुर्चीवर बसून मान खाली घातली होती, का ते सांगतो.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 ला बंद पडल्या त्याच्या आधीची गोष्ट. आमचं घर डिचोली तालुक्यात. खंदकातलं पाणी दिवसरात्र पंप लावून उपसायचे आणि आमची बांय, म्हणजे विहीर, मार्चमध्येच तळाला जायची, आजोबांच्या वेळी ती मे महिन्यात पण आटली नव्हती. पोफळीची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल, भुरग्यांचा, म्हणजे पोरांचा, खोकला थांबायचं नाव नाही. एका पेपरचा मुलगा स्कूटर घेऊन आला, मी त्याला बांय दाखवली, चहा पाजला, सगळं सगळं सांगितलं आणि गेटपाशी हळूच म्हटलं, "म्हजें नांव मात घालू नाका हां." कारण भावाचा ट्रक त्याच खाणीवर चालायचा आणि बँकेचे हप्ते डोक्यावर होते. बातमी आली, त्यात "ग्रामस्थांचे म्हणणे" एवढंच. फोन गेले ते त्या मुलाला. ग्रामस्थांना कोण काय बोलणार, ग्रामस्थ म्हणजे कोण तेच कुणाला माहीत नव्हतं! पुढे तो दिसायचा बंद झाला, पेपर सोडला की सोडवला देव जाणे. मी पण कधी विचारायला गेलो नाही.

म्यानमारमध्ये 2017 ला इन दिन गावात सैनिकांनी आणि बौद्ध गावकऱ्यांनी 10 रोहिंग्या मुसलमान पुरुषांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या वा लोन आणि क्यॉ सो ऊ या पत्रकारांनी ते शोधून काढलं आणि त्यापायी 500 हून जास्त दिवस तुरुंगात काढले. त्यांचं नाव जगभर झालं, व्हायलाच पाहिजे. पण माझ्या डोक्यात कोण बसलाय तर त्यांना फोटो देणारा माणूस. त्या दहाजणांना मरणाआधी गुडघ्यावर बसवलेलं त्या फोटोत दिसतं, आणि देणारा त्याच गावातला वडीलधारा, तो पण बौद्ध, आणि मारणाऱ्यांत त्याच्याच गावचे लोक होते. माझ्याकडे तर फक्त एक आटलेली बांय होती हो.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं, राजापूर आपल्यापासून कितीसं आहे? तिथल्या रिफायनरीच्या विरोधाच्या बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे, 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी त्यांची बातमी छापून आली आणि दुपारी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली, दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकार दिनाच्या शाली घड्या घालून ठेवल्याला बरोबर एक महिना झाला होता.

आजोबा सांगायचे, 1955 पासून गोवा मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो जंगलातून चोरून रेडिओ चालवत होते, इथल्या पेपरांवर पोर्तुगीजांची सेन्सॉरशिप, म्हणून लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. आजोबांना त्याचा मोठा अभिमान. मला आता वाटतं, ऐकायचं काम आमचं आणि बोलायचं दुसऱ्याने, ही आमच्या घरची सवय तेव्हापासूनचीच असणार.

हे आत्ताच लिहायचं कारण, लिलाव होऊन खाणी परत सुरू झाल्यात. तुमचा बातमीदार आमच्या वाड्यावर येईलच. त्याला एकट्याला पाठवू नका आणि बातमी आल्यावर फोन येतील तेव्हा त्याच्या मागे उभे राहा, एवढं तुम्ही करा. आमच्या बाजूचं म्हणाल तर नाव, पत्ता, मोबाईल वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलाय. छापायचं की नाही ते अजून ठरत नाहीय, पुतण्या परत त्याच लायनीत ट्रक घालायचं बघतोय. रविवारपर्यंत फोन करून सांगतो. तोवर,

एक वाचक,
डिचोली