मालतीच्या कोथरूडच्या काकूंना, ठाण्याहून

काकू,

फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं ते जाऊ दे, तिचं शी-शू कसं आहे" असं विचारता आणि विषयच संपतो. म्हणून हे लिहून टाकतेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

मालतीला आणल्यापासून जो भेटतो तो आम्हाला शाबासकी देतोय. सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात, "किती मोठं मन तुमचं, म्हातारी कुत्री घेतलीत!" ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण दर वेळी मनात येतं की अहो आम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय, पीठ कोथरूडला दळलं गेलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालती लॅब्राडोर, वय अंदाजे नऊ-दहा, अंदाजेच, कारण एवढ्या वयात दात बघून व्हेटसुद्धा ठाम काही सांगत नाही. कुठल्यातरी ब्रीडरकडे पिंजऱ्यात गेलेलं आयुष्य. पिल्लं होईनाशी झाली तेव्हा हायवेला सोडून दिलेली. 2017 पासून नियम आहे की मादीला दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर ब्रीड करायचं नाही, आयुष्यात पाचच्या वर वेत नाहीत, पण विचारतंय कोण. आणि कुत्रं असं रस्त्यावर सोडणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! आमच्याकडे वडापावाची दोन प्लेट येत नाहीत तेवढ्यात. असो, त्या माणसावर आणखी शब्द खर्च करायचे नाहीत असं तुम्हीच सांगितलंय.

रेस्क्यूवाल्या मुलांनी तिला उचललं आणि तुमच्याकडे आणून सोडलं, "काकू, जागा मिळेपर्यंत फक्त". तुमच्या दारावरची ती पाटी, "बेल वाजवू नये. वाजवल्यास आतल्या तीन म्हाताऱ्या उठतील व त्यांना परत झोपवायला तुम्हाला थांबावे लागेल." मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले. नंतर कळलं की ती सिरियसली लिहिलेली आहे. आणि नावं तरी काय, मालती, सुमन, कुसुम. सगळ्या चाळीतल्या आज्या वाटतात. तुमचं म्हणणं म्हातारपणी कुणाला ब्रूनो नि कोको म्हणून हाक मारली तर त्यांना कशाला आवडेल.

आता मेन मुद्दा. लोकांना वाटतं फॉस्टर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणं, म्हणजे काय तर खायला घालायचं, झोपायला जागा द्यायची आणि फोटो टाकायचे. मलाही तसंच वाटायचं. तुमच्या पाण्याच्या जगची गोष्ट ऐकली आणि मग कळलं हे प्रकरण काय आहे ते. मालती तुमच्याकडे आल्यावर थोड्या दिवसांनी जास्त पाणी प्यायला लागली. उन्हाळा होता, लॅब आहे, कुणीही म्हटलं असतं पिऊ दे की. तुम्ही काय केलंत, स्वयंपाकघरातला मोजमापाचा जग घेतलात, तिचं भांडं वेगळं केलंत, सकाळी किती भरलं आणि रात्री किती उरलं ते लिहायला लागलात. कुत्र्याने दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर पाणी प्यायलं तर काहीतरी गडबड आहे असं समजतात, म्हणजे तिच्या 28 किलोला तीन लिटरच्या आत हवं, आणि ही बया चारच्या पुढे. त्यात जेवण अर्धवट सोडायला लागली, लॅबने जेवण सोडलं म्हणजे अलार्मच. तुम्ही त्याच संध्याकाळी रिक्षात घालून सोनोग्राफीला नेलंत, गर्भाशयात पू. पायोमेट्रा. नसबंदी न केलेल्या वयस्क माद्यांना होतो हा, बऱ्याचदा हीट, म्हणजे माज, संपल्यावर थोड्या आठवड्यांनी, आणि वेळेत ऑपरेशन नाही झालं तर जीव जातो. रात्रीच ऑपरेशन झालं.

मी शेल्टरवाल्यांना अजिबात नावं ठेवत नाहीये, तिथे एका माणसामागे किती जनावरं असतात ते बघितलंय मी. पण दहा कुत्री एका टाकीत पाणी पितात तिथे कोण किती प्यायलं हे कुणाला कसं कळणार हो? म्हाताऱ्या कुत्र्याला घर लागतं ते लाडासाठी लागतंच, पण त्याहून जास्त यासाठी की कुणीतरी त्याच्याकडे नुसतं बघत बसायला हवं. तुम्ही बघत बसलात. तेच तुमचं काम आणि ते दिसत नाही कुणाला, फोटोत तर येतच नाही.

मग टाइल्स. जन्म पिंजऱ्यात गेलेला, गुळगुळीत फरशी कधी बघितलेली नाही, त्यात मागचे पाय संधिवाताने गेलेले, त्यामुळे ती एका जागी चार पाय फाकवून उभी राहायची आणि थरथरायची म्हणे. तुम्ही घरभर योगा मॅट टाकल्यात, बेडरूम ते बाल्कनी सलग, आणि दर थोड्या दिवसांनी त्यातली एक काढत गेलात, तळव्यांचे वाढलेले केस कापलेत, पोटाखालून जुनी ओढणी घालून मागचा भाग उचलून धरत तिला जिना शिकवलात. तुमची स्वतःची पाठ काय म्हणत होती ते तुम्ही सांगितलं नाहीत, सुमनचं औषध आणायला आलेल्या त्या मुलाने सांगितलं.

आणि ती वही! दोनशे पानी, शाळेची, वर मालतीचं नाव, इयत्तेच्या जागी "वरिष्ठ". लोक अडॉप्शनच्या वेळी लसीचं कार्ड देतात, फार तर बेल्ट देतात. तुम्ही वही दिलीत. त्यातलं थोडं इथे टाकते कारण हे लोकांनी वाचायलाच पाहिजे:

"झोपेत हात लावू नये, ऐकू कमी येते, दचकते. आधी जमिनीवर पाय आपटावा." "मिक्सरला घाबरते. कुकरला नाही. कारण माहीत नाही." "हातात झाडू किंवा छत्री असेल तर जवळ जाऊ नये. आधी खाली ठेवावी, मग हाक मारावी." "डोळे निळसर दिसतात तो मोतीबिंदू नाही, वयाचा परिणाम आहे, दिसते तिला, विशेषतः चिकन." "अंगठ्याचे नख आत वळते, पंधरा दिवसांनी बघावे." "माणसांची पेनकिलर देऊ नये. क्रोसिन नाही, कॉम्बिफ्लाम तर मुळीच नाही." "वजन 28 च्या वर जाऊ देऊ नये. उपाशी असल्याचे नाटक करते. उत्तम करते."

हे शेवटचं वाक्य आम्ही फ्रीजवर लावलंय, कारण आमच्या सासूबाई त्या नाटकाच्या कायमच्या प्रेक्षक आहेत. ज्या सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या "घरात एक म्हातारी आहे ना, दुसरी कशाला", त्या आता लाल भोपळा स्वतः किसून तिच्या भातात घालतात आणि दुपारी दोघी एकाच पंख्याखाली घोरतात.

तुम्ही इंटरव्ह्यू घेतलात तोही मला अजून आठवतो. मी छान तयारी करून आले होते, आम्हाला प्राण्यांची किती आवड आहे वगैरे, आणि तुम्ही विचारलंत "लिफ्ट बंद पडली तर 28 किलो कोण उचलणार?" मग "रात्री तीनला घरात शू झाली तर कोण उठणार, नाव सांगा." मग खर्च. वर्षाच्या ब्लड टेस्ट, सांध्यांची औषधं, दात, सगळं आकड्यात मांडलंत. आणि शेवटी सरळ, "दोन वर्षं मिळतील, तीन मिळतील, कमीही मिळतील. आत्ता रडून घ्यायचं असेल तर घ्या, नंतर तिला परत आणलेलं मला चालणार नाही. म्हणजे आणलंत तर मी घेईन. पण चालणार नाही." माझा नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला की ह्या बाईंना कुत्री द्यायचीच नाहीये. मला उलट वाटलं. जी बाई एवढं सगळं वाईट आधीच सांगतेय ती काही लपवत नाहीये एवढं नक्की. पिल्लू घेतो तेव्हा कसं निघेल कुणालाच माहीत नसतं. मालतीचं आम्हाला सगळं माहीत होतं, झाडू छत्रीसकट. तिची भीती आम्हाला वाटलीच नाही, ती तुमच्यामुळे.

तिची खबर द्यायची तर ठीक आहे. हिवाळ्यात सकाळी उठताना कण्हते, उठली की चालते. दिवाळीत फटाके तिला ऐकूच आले नाहीत, बिल्डिंगमधली बाकी सगळी कुत्री पलंगाखाली आणि ही शंकरपाळ्यांच्या डब्यासमोर (दिली नाही, वही वाचलीये). मिक्सरचं तसंच आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. तुमची मुलगी सिएटलला, नात बोलायला लागली तरी तुम्ही तिला फक्त व्हिडिओ कॉलवर बघताय कारण ह्या मंडळींना ठेवणार कुणाकडे. सुमन आणि कुसुम आता आपापल्या घरी गेल्या, राहिले ते तुमचे नवीन वसंतराव, पॉमेरेनियन, शुगरवाले, दोन वेळा इन्सुलिन. त्यांना आमच्याकडे पाठवा. मालतीला चालतात का ते एका रविवारी तुमच्याकडे येऊन बघू, गाडीतून ती नीट येते, खालापूरला एकदा उतरवलं की झालं. इंजेक्शन सासूबाई देतील, स्वतःला इतकी वर्षं टोचतायत, हात अजून स्थिर आहे, आणि सिरिंज तुम्ही द्याल तीच वापरू, लाल टोपणाची, डोस तुमच्या व्हेटने लिहून दिलेला. मी ऑफिसात वर्क फ्रॉम होम मागून ठेवलंय. लिफ्ट बंद पडली तर नवरा उचलेल, वसंतराव चार किलोचे आहेत.

तिकीट काढा आणि तारीख कळवा. आणि त्यांची वही लिहायला घ्या.

तुमची,
मालतीची ठाण्याची आई