टक्केवारीच्या आड दडलेले प्रवासी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या भागातील विमानतळांची प्रवासीवाढ टक्क्यांत सांगणाऱ्या बातम्या वाचून हे लिहीत आहे. काकडी गावचा शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला आणि बघता बघता चिकलठाण्याच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाच्या, पंगतीला येऊन बसला. चिकलठाण्याची वाढ रखडल्याचे खापर आपल्याकडे थेट पुढाऱ्यांवर फुटते. त्यांची वकिली मला करायची नाही, पण धावपट्टी आणि टर्मिनल यांत कारण शोधूनही हाती फारसे लागणार नाही. चिकलठाण्याला २००८ पासून ऐसपैस टर्मिनल आहेच. विमान कंपनी इमारत बघत नाही, आसने बारमाही भरतील का ते बघते.

शिर्डीला हैदराबाद, चेन्नई, बंगळूरूहून येणारा भाविक बारा महिने येतो. तोच भाविक पुढे घृष्णेश्वर आणि वेरूळ करतो, आता तर समृद्धीवरून पटकन येतो. म्हणजे मुक्काम, जेवण संभाजीनगर जिल्ह्यात, आणि प्रवासी म्हणून नोंद काकडीला! चिकलठाण्याचा भरवसा उद्योजकावर. वाळूज-शेंद्र्याच्या किंवा आमच्या जालन्याच्या कारखानदाराला सकाळी मुंबईला जाऊन काम उरकून रात्री घरी यायचे असते. वेळ जुळली नाही की तो वंदे भारत धरतो, नाहीतर, मुंबईपलीकडे जायचे असल्यास, गाडी काढून पुणे गाठतो आणि तिथून उडतो. मुंबई विमानतळावर सोयीच्या वेळेचे स्लॉट (विमान उतरण्या-उडण्यासाठी राखीव वेळा) मिळणे किती अवघड, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा आपल्या विमानतळाचा मोठा आधारच गेला.

नांदेडचे गणित आणखी वेगळे. सचखंड गुरुद्वाऱ्यासाठी पंजाबातून येणाऱ्याला रेल्वेत दीड दिवस काढावा लागतो, त्यामुळे त्याच्यासाठी विमान ही चैन नाही. तरीही तिथली सेवा कायम डळमळीत. केंद्र सरकारच्या 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेत २०१७ साली ट्रुजेट कंपनीचे हैदराबादचे विमान सुरू झाले. या योजनेत तोटा भरून देणारे अनुदान तीन वर्षांपुरते असते. पुढे ती कंपनीच थंडावली. मग २०२४ मध्ये स्टार एअर आली. सत्तर-पंचाहत्तर आसनांची विमाने आणि मोजक्या फेऱ्या, म्हणजे एक फेरी रद्द झाली तरी आलेख कोसळतो आणि एक वाढली की 'विक्रमी वाढ' होते. जवळजवळ शून्यावरून निघालेल्याची टक्केवारी मोठीच दिसणार. लातूरला धावपट्टी आहे, नियमित विमान नाही. तिथे तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून दोन विनंत्या. विमानतळांच्या वाढीची बातमी देताना टक्क्यांशेजारी प्रवाशांचा प्रत्यक्ष आकडा आणि आठवड्याच्या फेऱ्याही छापाव्यात. आणि आमच्या खासदारांनी, उद्योजक संघटनांनी दर बैठकीत नव्या शहरांची यादी पुढे करण्याआधी सकाळी मुंबईला नेणारे व रात्री परत आणणारे विमान मागावे, तेही आठवड्याचे सहा दिवस.

आपला,
एक वाचक, जालना