पुरवणीतलं स्कॉटलंड आणि आमचं स्कॉटलंड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडवर पानभर लेख आला होता. किल्ले, तळी, ढग, मेंढ्या, सगळं होतं. फोटोही झकास. सौभाग्यवतीनं तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "अहो, हे लोक तिथे जाऊन जेवत नव्हते का? यांना चिलटं चावली नाहीत का?" प्रश्न रास्त वाटला, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघं गेल्या जूनमध्ये २५ दिवस तिकडे होतो. मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. भुसावळ, सावदा, फैजपूर, चोपडा, जिकडे पाहावं तिकडे आता एका घराआड एक पोरगं परदेशात आहे, आणि इथला पारा ४५ ला टेकला की त्यांचे आईबाप विमानात बसतात. किल्ला किती जुना ते पोरं सांगतातच. पंचाईत कुठे होते ते कोणी सांगत नाही. मी रेल्वेत ३३ वर्षं तिकीट तपासनीस होतो. लोकांच्या अडचणी ऐकण्यातच उमर गेली, त्यामुळे आपल्यावर वेळ आली की वहीत टिपून ठेवायची सवय आहे. त्या वहीतलं थोडं देतो.

पहिली फजिती माझीच, आणि तीही तिकिटाची. हे लिहायला जड जातं.

एडिंबराहून इनव्हर्नेसला जायचं होतं. मुलाला रजा नव्हती, त्यानं तिकिटं माझ्या मोबाइलवर पाठवून दिली. एडिंबराचं वेव्हर्ली स्टेशन शहराच्या मधोमध एका खोलगट जागेत आहे आणि त्याच्या डोक्यावर एका जुन्या हॉटेलाचा घड्याळाचा मनोरा. हे घड्याळ मुद्दाम ३ मिनिटं पुढे ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. फक्त ३१ डिसेंबरच्या रात्री ते बरोबर लावतात. रेल्वेवाल्याला याहून गोड गोष्ट ती कोणती! पण आम्हाला त्या ३ मिनिटांचा काही उपयोग नव्हता. आम्ही भुसावळचे. गाडीच्या सव्वा तास आधी फलाटावर हजर.

तिथे पाहतो तर इनव्हर्नेसची गाडी लागलेली. डबे मोकळे. दोन दिवसांपूर्वी ग्लासगोहून एडिंबराला येताना मुलगा म्हणाला होता की या तिकिटावर कुठल्याही गाडीत बसा, चालतं. तेच माझ्या डोक्यात. सौ. म्हणाली, "विचारा तरी कोणाला." मी म्हणालो, "रेल्वेचं मला शिकवू नको."

गाडी निघाली. थोड्या वेळात फोर्थच्या खाडीवरचा रेल्वे पूल आला. १८९० साली वाहतुकीला खुला झालेला, जवळपास अडीच किलोमीटर लांब, गंजासारख्या तांबड्या रंगाचा, तीन अजस्र पोलादी सांगाडे हातात हात घालून उभे असावेत तसा. तापीच्या पुलावरून हजारदा गेलेला माणूस मी, पण मान खिडकीला लावून बसलो. या पुलाला रंग देणं कधी संपतच नाही, एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाचा उडालेला असतो, अशी तिकडे म्हणच होती. २०११ साली वीस-पंचवीस वर्षं टिकेल असा रंग देऊन झाला आणि म्हण निकालात निघाली. हे मी सौ.ला रंगवून सांगत होतो, तेवढ्यात तिकीट तपासायला एक पोरगी आली. वय असेल सव्वीस-सत्तावीस.

तिनं मोबाइल पाहिला. पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली की हे तिकीट यानंतरच्या गाडीचं आहे. आधीच काढून ठेवलेलं स्वस्तातलं तिकीट फक्त त्याच गाडीला चालतं. मी म्हणालो, "गाव तेच, मार्ग तोच, डबा रिकामा." बोललो आणि जीभ चावली. हेच वाक्य मी ३३ वर्षं ऐकत आलो होतो. सेवाग्राम एक्स्प्रेसचं तिकीट घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रत्येक जण मला हेच सांगायचा, आणि मी म्हणायचो, "नियम मी नाही केला, रेल्वेनं केला." ती पोरगी काय म्हणाली असेल? तेच. शब्दाला शब्द, फक्त इंग्रजीत.

मग मी तिला सांगून टाकलं की मीही याच धंद्यातला. ती हसली. म्हणाली, "मग तुम्ही काय केलं असतं?" खोटं बोलवेना. म्हणालो, "पावती फाडली असती."

तिनं फाडली नाही. पर्थ स्टेशनावर उतरा, तुमची गाडी मागून येतेच आहे, असं सांगून तिनं एका कागदावर फलाटाचा नंबर लिहून दिला. पर्थच्या बाकावर आम्ही तासाभराहून जास्त बसलो. तेवढ्यात तीनदा पाऊस आला आणि तीनदा ऊन पडलं. सौ. माझ्याशी बोलत नव्हती. तिनं पिशवीतून शेव-मुरमुरे काढले, एकटीनं खाल्ले, आणि पुडीत तळाशी उरलेलं माझ्याकडे सरकवलं.

पुढचा मार्ग मात्र पाहण्यासारखा. बराचसा एकेरी रूळ, क्रॉसिंगला गाडी थांबते, अगदी आपल्या जुन्या दिवसांसारखी. ड्रुमॉख्टर नावाची खिंड लागते, ४५२ मीटर उंचीची. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं हे सगळ्यात उंच ठिकाण. मी मनातल्या मनात हिशोब केला. आपलं इगतपुरी याच्याहून उंच. तेवढंच जरा बरं वाटलं.

आता घरातलं. मुलाला भरीत खायची हौस आली. भारतातून येताना सौ.नं कळण्याचं पीठ, लसणाची चटणी, सगळं नेलं होतं, पण वांगं काय बॅगेत घालून न्यायचं? तिकडचं वांगं जांभळं, चकचकीत, आत नुसता कापूस. भालोद-आसोद्याचं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात घेतलं की वजन कळणारं वांगं तिथे कुठलं! आणि भाजायला कपाशीच्या काड्या कुठल्या! पण पोराचं मन. तिनं ते गॅसच्या आचेवर ठेवलं, तेलाचा हात लावून, इथल्यासारखंच.

पाच मिनिटांत घरात तीन ठिकाणांहून एकदम किंकाळ्या. मला वाटलं, इमारत कोसळते आहे. त्याचं असं आहे: २०२२ च्या फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमध्ये प्रत्येक घरात अलार्म सक्तीचे आहेत, आणि ते एकमेकांना जोडलेले असावे लागतात. एक ओरडला की सगळे ओरडतात. स्वयंपाकघरातला उष्णतेवर चालतो, तो बिचारा गप्प होता. पण दार उघडं राहिलं, धूर बाहेरच्या बोळात गेला, तिथला धुराचा अलार्म पेटला आणि त्यानं बाकीच्या भावंडांना उठवलं. सौ.चा चेहरा पांढराफटक. "काय झालं वं माय! पोलीस येतीन का आता?" मी खुर्चीवर चढून बटण शोधतोय, छत उंच, हात पोचेना.

समोरच्या दारातल्या आजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. काही विचारलं नाही, रागावल्या नाहीत. खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि अलार्मखाली उभ्या राहून पंख्यासारखा हलवू लागल्या. मिनिटभरात शांत. मग नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सौ.नं वाटीभर भरीत दिलं, हिरव्या मिरचीचं, ठेचलेल्या लसणाचं. दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून परत आली, आत चार बिस्किटं. भरीत आवडलं की नाही हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

जाणाऱ्यांनी एवढंच करावं: भाजायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लावावं, खिडकी उघडावी. पोरं ऑफिसात असतात, त्यांना फोन करून उपयोग नाही.

एडिंबराच्या किल्ल्यावरून दुपारी १ वाजता तोफ सुटते. १८६१ पासूनची रीत आहे, पूर्वी बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. १२ ला का नाही, तर १२ वाजता १२ बार काढावे लागतील, १ ला एकात भागतं, असं तिथले लोक स्वतःच्या कंजुषीवर विनोद करतात. आम्ही पहिल्या दिवशी बागेत बसून पाऊण वाजल्यापासून किल्ल्याकडे टक लावून होतो. सव्वा वाजला. दीड वाजला. शेजारच्या बाकावरच्या माणसानं शेवटी सांगितलं, "आज रविवार, रविवारी सुटत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही तोफ विसरलो. त्याच बागेत चहाचे कागदी पेले घेऊन निवांत बसलो होतो. धडाम! सौ.चा चहा माझ्या पँटवर. आजूबाजूच्या लोकांनी काय केलं? घड्याळात पाहिलं आणि पुढे चालायला लागले.

छत्रीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. इथून दोन नेल्या होत्या, पहिल्या आठवड्यात दोन्ही उलट्या झाल्या. तिकडचा पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. टोपीवालं जाकीट घ्यावं.

चिलटांचं मात्र लिहायलाच हवं, कारण आपल्या लेखात त्यांचा एक शब्द नाही. मुलगा आम्हाला गाडीनं ग्लेनफिननला घेऊन गेला. डोंगराच्या कुशीत वळण घेत जाणारा २१ कमानींचा काँक्रीटचा रेल्वे पूल आहे तिथे. त्या मार्गावर १९०१ साली गाडी सुरू झाली, आणि उन्हाळ्यात अजून वाफेचं इंजिन पर्यटकांसाठी धावतं. वाफेचं इंजिन म्हटल्यावर मी टेकडीवर सगळ्यात पुढे. वारा होता तोवर बरं होतं. गाडी यायला दहा मिनिटं असताना वारा पडला, आणि गवतातून धूर उठावा तसं काहीतरी उठलं. मिज म्हणतात त्यांना. आपल्या चिलटांहून बारीक, डोळ्याला धड दिसत नाहीत, पण कानात, भुवयांत, टकलावर, जिथे जागा मिळेल तिथे. वारा असला की त्यांना उडता येत नाही, म्हणून वारा पडायची वाट पाहत बसतात. "हे काय चावू राह्यलं?" म्हणत सौ.नं पदर तोंडावरून घेतला, दोन्ही टोकं कानामागे खोचली आणि नुसते डोळे उघडे ठेवून ऐटीत उभी राहिली. शेजारची गोरी मंडळी डोक्यावर जाळीच्या पिशव्या घालत होती. एका बाईनं पदराकडे बोट करून, हे कुठे मिळतं, अशी खूण केली. इंजिन आलं, शिट्टी झाली, पूल वाफेत बुडाला. मी त्यातलं निम्मं पाहिलं, निम्मा वेळ टक्कल बडवण्यात गेला. व्हिडिओत माझाच आवाज आहे, आणि तो घरात लावण्याजोगा नाही.

पदरावरून आठवलं. ग्लासगोत बसमध्ये एक बाई सौ.च्या साडीच्या काठाकडे पाहून आनंदानं म्हणाली, "पेस्ली!" सौ.ला वाटलं, बाई बस कुठे जाते ते विचारते आहे. तिनं ठासून सांगितलं, "नो, नो. ग्लासगो." त्या पुन्हा, "पेस्ली, पेस्ली." ह्या पुन्हा, "ग्लासगो." संध्याकाळी मुलानं उलगडा केला. काठावर कोयऱ्या होत्या. कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत पेस्ली म्हणतात, आणि पेस्ली हे ग्लासगोला लागूनच असलेलं गाव. काश्मिरी शालींच्या नकला तिथल्या मागांवर विणल्या गेल्या आणि आपल्या कोयरीला त्या गावाचं नाव चिकटलं. सौ.चं यावर म्हणणं असं की कोयरी आंब्याची असते, आणि त्या गावात तिला एकही आंब्याचं झाड दिसलं नाही.

जेवणाचं एका वाक्यात सांगतो. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण लहान गावात स्वयंपाकघरं साडेआठलाच बंद होऊ शकतात, तेव्हा उजेडावर विश्वास ठेवू नये आणि पिशवीत चिवडा ठेवावा.

पुढच्या उन्हाळ्यात पुरवणी काढाल तेव्हा किल्ल्याचा फोटो जरा लहान करा आणि अर्धं पान असल्या गोष्टींना द्या, एवढी विनंती. वाचक लिहितील. माझ्या ओळखीतले चार तरी आहेत ज्यांची यापेक्षा वाईट गत झाली, फक्त ते कबूल करत नाहीत.

आणि नोटांचं राहिलंच. स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपापल्या नोटा छापतात. पौंड तेच, किंमत तीच, चित्रं वेगळी. तिकडे कोणी हरकत घेत नाही. परतताना लंडनच्या एका दुकानात मी अशीच २० पौंडांची नोट दिली, तर पोऱ्यानं उलटसुलट करून पाहिली आणि कार्ड आहे का विचारलं. इथे आल्यावर चलन बदलून देणाऱ्या दुकानात गेलो, त्यांनीही हात जोडले. तिथेच असताना बदलून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घ्याव्यात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नोट मात्र सुंदर आहे. एका बाजूला केट क्रॅन्स्टन नावाच्या बाई, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ग्लासगोत चहाची दुकानं चालवणाऱ्या. चहावालीचं चित्र नोटेवर! दुसऱ्या बाजूला खारी. ती सध्या माझ्या जुन्या ओळखपत्राच्या पाकिटात आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणारं कोणी असेल तर भुसावळला येऊन घेऊन जावी, त्या दिवशीच्या भावानं रुपये द्यावेत. पावती मिळेल.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, भुसावळ