जड वाटतंय की टोचतंय?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्याकडून मला जे मिळालं ते माझ्यासारख्या इतरांच्याही कानावर जावं.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे ॲक्युपंक्चरसाठी, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचारासाठी आले, तेव्हा नैराश्यासाठीच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले होते. फरक होता, पण पहाटे तीनला जाग यायची आणि तेच ते विचार घाण्याला जुंपल्यासारखे फिरत राहायचे. "गोळ्या सोडते आणि सुया घेते," मी म्हणाले. आधी एका ठिकाणी मला तसंच सुचवलं होतं. तुम्ही सुयांचं पाकीट न फोडता बाजूला ठेवलंत. "गोळ्या चालू राहतील. तुमच्या डॉक्टरांना विचारून या, मग सुरू करू." ताई, त्या एका वाक्याचं ऋण फिटणारं नाही.

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई हलकेच फिरवताना तुम्ही दर वेळी विचारायचात, "जड वाटतंय की टोचतंय?" टोचतंय म्हटलं की लगेच हात थांबायचा. मला वाटायचं, काळजीपोटी विचारताय. मग एकदा तुम्ही समजावून सांगितलंत. बोस्टनला डॉ. कॅथलीन हुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून सुया दिल्या होत्या. ज्यांना तो जडपणा, ती मंद कळ जाणवली, त्यांच्या मेंदूतल्या भीती आणि भावनांशी निगडित भागांची, अमिग्डालासारख्या भागांची, हालचाल मंदावलेली दिसली. ज्यांना तीव्र टोचलं, त्यांच्यात उलट ती वाढली. चिनी वैद्य त्या जडपणाला 'दे-ची' म्हणतात, हेही तेव्हाच कळलं.

आणि लगेच तुम्ही म्हणालात, "पण ती माणसं आजारी नव्हती. यंत्रात दिसलं म्हणजे आजार बरा झाला, असं नाही." इंग्लंडमधल्या ७५५ रुग्णांच्या अभ्यासाबद्दलही सांगितलंत. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांचं नैराश्य तीन महिन्यांनी नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं, पण समुपदेशनाची जोड मिळालेल्यांचंही जवळपास तितकंच. मग त्यात सुईचा वाटा किती आणि कुणीतरी वेळ देऊन विचारपूस केल्याचा किती? हा प्रश्न तुम्ही माझ्यापासून लपवला नाहीत. खोट्या आशेला कंटाळलेल्या माणसाला असं खरं बोलणं किती आधार देतं, हे मीच जाणते.

तुमच्या भिंतीवर आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. १९३८ साली त्यांच्यासोबत चीनला गेलेले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू पुढे पुन्हा तिकडे जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या भारतात घेऊन आले, हे तुम्ही सुया लावून वाट पाहताना सांगितलं होतंत. त्या वीस मिनिटांत मी किती महिन्यांनी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट मन लावून ऐकत होते!

माझ्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात गोळीचं प्रमाण थोडं कमी केलं. मी कशाने सावरले, गोळ्यांनी, सुयांनी की तुमच्या बोलण्याने, हे मला वेगळं काढता येत नाही. तुम्हीही कधी श्रेय मागितलं नाहीत.

परवा पहाटे पुन्हा तीनला जाग आली. उठले, पाणी प्यायले, कूस बदलली आणि थेट सहाच्या गजरालाच डोळे उघडले. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची ऋणी,
सोलापूरची एक शिक्षिका