जादा मदतीच्या वसुलीची नोटीस आली तर

सर्व सभासदांना नमस्कार.

'तुम्हाला सरकारी मदत जास्त दिली गेली, ती परत करा' अशी नोटीस आल्यास घाबरून लगेच पैसे भरू नका. पण ती बाजूलाही टाकू नका. उत्तराची मुदत आधी पाहा.

मग हिशेब लेखी मागा. कोणत्या कालावधीचं, कोणतं उत्पन्न धरलंय? घोळ बहुधा इथेच सापडतो. कुठे एकच कमाई दोनदा नोंदलेली असते, कुठे वर्षाचं उत्पन्न सगळ्या महिन्यांत सारखं वाटलेलं असतं. मग हाताला काम नसलेल्या महिन्यांतही कमाई दिसते. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' या जादा मदतीच्या वसुलीच्या योजनेत संगणकाने अशीच सरासरी काढून चार लाखांहून जास्त लोकांकडे वसुली लावली होती. २०१९ मध्ये सरासरीवरची अशी वसुली कायद्यात बसत नसल्याचं सरकारलाच कोर्टात मान्य करावं लागलं. तेव्हा यंत्राने काढलेला आकडा म्हणून तो बरोबरच, असं मुळीच समजू नका.

त्या महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँक खात्याचा उतारा जोडून लेखी हरकत घ्या. पोच घ्यायला विसरू नका, फोनवरचं बोलणं नंतर कामी येत नाही.

रक्कम खरंच जास्त आली असेल, तर हप्ते मागा. कागद समजत नसतील तर गटात विचारा, संकोच नको. मात्र खाते क्रमांक झाकूनच फोटो टाका.