रोबोट येऊ द्या हो, पण आधी आमची कपाशी बघून येऊ द्या

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागे तुमच्या पेपरात शेतातल्या रोबोटवर पानभर लेख आला होता, फोटो झकास होते. पोरगा वाचून म्हणे, बाबा आता मजुरांची किरकिर संपली. मी म्हटलं थांब जरा, आधी फोटोतलं वावर बघ. शेवट कुठे आहे तेच दिसत नाही, बांध नाही, बांधावर बाभूळ नाही, मधून विजेची तार गेलेली नाही. आपल्या राज्यात खातेदारामागे सरासरी जमीन १.३४ हेक्टर, ही २०१५-१६ च्या कृषी गणनेतली गोष्ट, म्हणजे सव्वातीन एकर धरा, आणि ती पण दोन-तीन तुकड्यात. माझंच एक वावर नाल्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे आहे, तिथे बैलजोडी वळवताना सालदार वैतागतो तर रोबोटचं काय घेऊन बसलात.

मी मशीनच्या विरोधात नाही बरं का. हॉलंडात १९९२ पासून रोबोट गायींचं दूध काढतोय, जपानात १९८७ च्या सुमारास बिनपायलटचं छोटं हेलिकॉप्टर भातावर फवारायला आलं, आता अमेरिकेत कॅमेऱ्याने गवत ओळखून लेझरने जाळणारं मशीन चालतं. हे सगळं खरं आहे. पण त्यांनी आपापल्या अडचणीवर मशीन काढलं, आपली अडचण वेगळी आहे.

आपली अडचण म्हणजे वेचणी! दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो आणि सगळ्या गावाला एकदमच माणसं लागतात. किलोला दहा-बारा रुपये देऊन, वर गाडीभाडं देऊन सातपुड्यातून पावरा आदिवासी मंडळी आणायची, तरी आज येतो म्हटलेले परवा येतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, त्यातले हजार-बाराशे क्विंटलमागे नुसते वेचायलाच जातात, आणि व्यापारी हमीभाव देतो का हा विषय आज नको.

मग वेचणीचं मशीन का नाही असं पोरगा विचारतो. अरे आहे ना, अमेरिकेत कधीचं आहे. पण तिथलं झाड बुटकं, दाट लावलेलं, सगळी बोंडं जवळपास एकाच वेळी फुटणारी. औषध फवारून आधी पानं गाळतात आणि मग मशीन एका फेरीत वावर साफ करतं. आपली संकरित कपाशी छातीला लागते, खालचं बोंड फुटलं तेव्हा वरती अजून फुलं असतात, म्हणून तर तीन-चार वेचे करावे लागतात. अशा झाडात मशीन घातलं तर कापसात पाला नि हिरवी कैरी, म्हणजे न फुटलेलं बोंड, भरणार आणि जिनिंगवाला गाडी बघूनच भाव पाडणार. बाई हाताने वेचते तेव्हा किडकी कवडी, म्हणजे अळीने खराब केलेला कापूस, वेगळी काढते, ओला कापूस बाजूला ठेवते, नख कुठे घालायचं ते तिला बरोबर माहीत असतं. तेवढी अक्कल मशीनला द्यायची तर आधी बियाणं बदला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन म्हणजे दाट लागवडीचं सांगतेय तो रस्ता मला बरोबर वाटतो, म्हणजे आधी झाड मशीनजोगं करायचं आणि मशीन मागून आणायचं.

फवारणीचं मात्र माझं मत एकदम उलटं आहे. हे काम माणसाच्या हातून जितकं लवकर जाईल तितकं चांगलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते कसं विसरायचं? उंच कपाशीत पाठीवर पंप घेऊन शिरलं की औषध सरळ तोंडावर येतं. यंदा मी ड्रोन बोलावला होता. दहा लिटरच्या टाकीत एकर आठ-दहा मिनिटात उरकला, पाठीवरच्या पंपाने दीडशे लिटर पाणी आणि अर्धा दिवस जातो. पण नंबर लागला चार दिवसांनी, तोवर अळी काय वाट बघत बसते का! वारा सुटला तर थोडं शेजाऱ्याच्या वावरात पण गेलं, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी. आणि पांढरी माशी पानाच्या खाली बसते, ड्रोन वरून फवारतो, दाट झाडात खालपर्यंत औषध नीट पोचत नाही.

ड्रोन दीदी योजनेत बायांच्या बचत गटाला ड्रोन घ्यायला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान आहे, पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आहे, चांगलंच आहे. पण भरल्या टाकीने बॅटरी दहा-पंधरा मिनिटात बसते, म्हणजे जोड्या चार-पाच पाहिजेत, चार्जिंगला दिवसा लाईट पाहिजे आणि पंखा मोडला तर तालुक्याच्या गावी मेकॅनिक पाहिजे. ट्रॅक्टर गावोगाव पोचला तो फक्त कर्जाने नाही, गावागावात त्याचा फिटर तयार झाला म्हणून पोचला.

जाता जाता केळीचं. रावेर-यावलकडे वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून गाडीपर्यंत आणतात. बाहेरच्या देशात बागेत तार ओढून घड टांगतात आणि एक माणूस सगळी रांग ओढत नेतो. त्यात ना कॅमेरा ना एआय, पण असली साधी गोष्ट पेपरात छापून येत नाही.

आणि साहेब, वेचणीचं मशीन खरंच आलं तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने ज्या बायांचं घर त्या पैशावर चालतं त्यांनी कुठे जायचं, हे लेखात एका ओळीतही नव्हतं. मला मजूर मिळत नाही ही माझी तक्रार खरी आणि तिला दुसरं काम नाही हे पण तितकंच खरं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी रोबोटवर लिहाल तेव्हा शिरपूर, शहादा, चोपडा, कुठल्या गावात कोणी काय चालवलं, एकराला भाडं किती पडलं, बंद पडल्यावर दुरुस्त कोणी केलं, तेवढं छापा. फोटो नसला तरी चालेल.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव