दूधवाल्याला जिना चढू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा मे महिन्यात आमच्या घरचं दूध सात वेळा नासलं. कॅलेंडरवर खाडे मांडायची जुनी सवय आहे, म्हणून आकडा पक्का सांगते. दूध ताजंच होतं. नासलं ते आमच्या सोसायटीच्या ठरावामुळे.

त्रिमूर्तीनगरात आमची १८ फ्लॅटची इमारत आहे. मार्चच्या सभेत ठरलं की सुरक्षेसाठी दूधवाल्याने वर यायचं नाही. ज्यांचा रतीब आहे त्यांनी रात्रीच गेटजवळच्या टेबलावर दुधाचा गंज ठेवायचा. तो पावणेसहाला दूध ओतून जातो. माझे गुडघे मला सातच्या आधी खाली नेत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात न तापवलेलं दूध सव्वा तास बाहेर राहिलं की काय होतं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एकदा तर मांजराने झाकणच पाडलं. ॲपवरून मागवलेली भाजी आणणारी मुलं मात्र लिफ्टने दारापर्यंत येतात. रोज नवा चेहरा! बावीस वर्षं येणारा माणूस तेवढा परका झाला.

हा दूधवाला हिंगण्याच्या पुढच्या एका गावाहून येतो. त्याच्याकडे दोन मुऱ्हा आणि तीन नागपुरी म्हशी आहेत. तलवारीसारख्या लांब, मागे गेलेल्या शिंगांची ही आपल्याकडची जात. मुऱ्ह्याएवढं दूध देत नाही, पण इथलं ऊन सोसते. पूर्वी त्याची जनावरं चरायला जात. आता शिवारात लेआउट पडलेत. हरभरा, सोयाबीन हार्वेस्टरने निघतं, त्यामुळे चाऱ्याला लागणारं कुटारही पूर्वीसारखं हाती लागत नाही. उरली सरकीची ढेप, आणि तिचा भाव विचारला की तो नुसता हसतो.

मी काही भाबडी ग्राहक नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मला पाण्याचा संशय आला आणि मी सीताबर्डीवरून लॅक्टोमीटर विकत आणला. दारातच गंजात बुडवला, आकडा कमी! मी त्याला जिन्यातच फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, कोमट दुधात तो खालीच बसन जी. थंडं होऊ द्या, मंग पाहा." धारोष्ण दूध होतं ते. थंड झाल्यावर आकडा बरोबर आला. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला घनता आणि तापमान यांचा धडा दूधवाल्याने दिला. (त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात एकदा दूध खरंच पातळ होतं. तेही मी ऐकवलं आणि त्याने त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.) पिशवीतल्या टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असते, हे छापलेलं वाचून कळतं. त्याच्याकडे भांडायची सोय आहे.

ठरावाआधी आमच्या इमारतीत त्याची १४ घरं होती. आता चार उरली. गंज ठेवायचा, उतरायचं, चढायचं, यापेक्षा लोकांना पिशवी सोपी वाटते, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण सुटलेलं दूध त्याला संकलन केंद्रावर घालावं लागतं. तिथे फॅटवर जो भाव निघतो तो आमच्या दारातल्या भावापेक्षा बराच कमी. म्हैस मात्र ढेप तेवढीच खाते.

सरकारचा आधार म्हणावा, तर २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं. चांगलंच केलं. पण ते गाईच्या दुधाला आणि सहकारी संघाला किंवा खासगी प्रकल्पाला दूध घालणाऱ्यांना. म्हशी पाळून स्वतः घरोघरी दूध घालणारा दोन्हीकडून बाहेर. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरून नोंद होतेच, तर अशा पशुपालकांसाठी निदान ढेपेवर काही सवलत पशुसंवर्धन खात्याला देता येईल. माफसूसारखं पशुविज्ञान विद्यापीठ आपल्या शहरात आहे. नागपुरी म्हशीचं दूध आणि चाऱ्याची टंचाई हा त्यांचाही विषय आहे.

ते होईल तेव्हा होवो. जिना आमच्या हातात आहे. दूधवाल्याचा फोटो लावलेला पास करावा, पावणेसहा ते सव्वासहा वर सोडावं, आणि बिल पाच तारखेच्या आत द्यावं. आमच्याकडे दोन घरं त्याला पंधरा तारखेपर्यंत फिरवायची, ती कोणती हे मी लिहीत नाही.

येत्या रविवारी आमची सभा आहे. जुना ठराव रद्द करण्याची सूचना मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. तिसऱ्या मजल्यावर आपलंच वर्तमानपत्र येतं, म्हणून हे पत्र शनिवारच्या आत छापता आलं तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर